काठीने खरं सांगावं

निहार आणि ईशा,

मागच्या रविवारी निहार फोनवर सांगत होता की तो तिकडे आपल्या मापाची गोल्फची आयर्न करवून घेतोय. दुकानदाराने त्याला विचारलं, चूक सांभाळून घेणारी हवीत की हाताला नेमकं कळवणारी? निहार, तू म्हणालास, "आजी, तुला यातलं काय कळणार!" मी म्हणाले, "हा प्रश्न मी अहमदनगरला ऐकलाय, तुझी आई जन्मायच्या आधी." तू हसलास, मग तुझा दुसरा फोन आला आणि बोलणं तिथेच राहिलं. म्हणून लिहिते आहे. शिवाय ज्यांच्या तोंडून तो प्रश्न ऐकला त्या पाटोळेबाईंना ओळखणारं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं दिसत नाही, आणि माझीही ऐंशी उलटली. ईशासाठी एवढं सांगते की आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याची काठी. बाकीचं क्रमाने सांगते.

पाटोळेबाई बोलताना माणसाच्या कानाकडे बघायच्या. मी लग्न होऊन नगरला आले आणि मिशनच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी या गणिताच्या बाई बराच वेळ माझ्या डाव्या कानाशी बोलल्या. घरी जाऊन मी आरशात कुडी नीट आहे ना ते पाहिलं. शाळेत डूल घालायला बंदी होती. बाई तेच तपासतात अशी मुलींची समजूत होती, त्यामुळे पांढरं पातळ आणि कॅनव्हासचे बूट व्हरांड्याच्या टोकाला दिसले की पोरी भराभर वेण्या कानांवर ओढून घ्यायच्या.

खरं कारण त्यांनी मला दिवाळीनंतर सांगितलं. "अगं सुमती, तुझ्या तोंडाकडे बघितलं की तोंड जातं. कानाकडे बघितलं तर कडेने थोडं हाती लागतं. डोळ्याच्या बरोबर मधोमध पुसल्यासारखं झालंय." हे त्यांनी फळा पुसता पुसता सांगितलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी मोकळी आहेस का? माझ्याबरोबर मैदानावर चल. मला एक खरं बोलणारं माणूस हवंय."

मैदान म्हणजे छावणीतलं गोल्फचं मैदान. पाटोळेबाई मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या. तिथल्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंच्या काठ्यांची पिशवी त्या लहानपणी वाहायच्या, आणि वाहता वाहता खेळायला शिकल्या. डॉक्टरीणबाई मायदेशी परतल्या तेव्हा काठ्या यांच्याकडे राहिल्या. अधिकाऱ्यांच्या मुलांना त्या गणित शिकवायच्या, म्हणून आठवड्यातल्या मधल्या दिवसांत, सकाळी शाळेआधी, त्यांना खेळायला परवानगी होती. पातळाचा पदर खोचून, पाय रोवून त्या उभ्या राहिल्या की छावणीतले जवान सायकली थांबवून बघायचे.

तुमच्या तिकडच्या मैदानासारखं काही डोळ्यांपुढे आणू नका. हिरवं म्हणाल तर पावसाळ्यापुरतं. एरवी मुरूम, कुसळं आणि बाभळी. चेंडू घालायच्या प्रत्येक खळग्याभोवती गवताऐवजी वाळू असायची, जळकं तेल शिंपडून झाडूने सारखी केलेली. समोर लांब डोंगरावर चांदबिबीचा महाल. बाई नेम धरायच्या तो महालाच्या उजव्या अंगावर.

काठ्या वाहायला भिंगारचा गेनू होता. चाळिशीचा, मिशाळ, कायम खुशीत. बाईंनी चेंडू मारला की तो कुठेही जावो, गेनूचं ठरलेलं असायचं: "लई झ्याक, बाई! सरळ म्हालाकडं!"

त्या पहिल्या सकाळी चेंडू बाभळीत गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. गेनूने महालाचं नाव घेतलं. बाईंनी मनगट चोळलं आणि म्हणाल्या, "खोटारड्या. टाचेला लागलाय. उजवीकडे, झुडपात बघ."

"तुमास्नी दिसलं व्हय?" गेनू खरोखर चकित झाला होता.

"दिसायला कशाला हवं? काठी सांगते."

मला हे नवीन होतं. त्यांनी समजावलं. काठीच्या डोक्याला दांड्याजवळ टाच असते आणि पुढच्या टोकाला चवडा असतो. चेंडू मधोमध बसला तर हाताला लोण्यात सुरी गेल्यासारखं लागतं. टाचेला लागला तर मनगटात कळ येते, चवड्याला लागला तर बोटांत मुंग्या येतात. "गेनू चांगला माणूस आहे, पण प्रेमाने खोटं बोलतो. म्हणून मी माझ्या हातांना विचारते." मग मी कशाला, असं मी विचारलं. "चेंडू सापडायला," त्या म्हणाल्या. "आणि गेनू दोघींना फसवायला जरा कचरेल."

त्या हिवाळ्यात मी त्यांना पुण्याला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भले होते. पडद्याचा मधला भाग झिजतोय, यावर औषध नाही, ऑपरेशन नाही, आणि हे थांबणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. पूर्ण अंधार होणार नाही, कडेचं दिसत राहील. परतताना एसटी सुप्याला चहासाठी थांबली. बाई कपबशी दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "कडेचं दिसत राहील म्हणे. आयुष्यभर कडेलाच होते, आता नजरही तिथेच चालली."  मग त्यांनी माझा कप पुढे सरकवला. "पी. साय धरतेय."

शाळेत आता त्या मुलींना गणितं मोठ्याने वाचायला लावायच्या. मुली हुशार. चुकलेलं उत्तर वाचताना शेजारणीच्या वहीतलं वाचायच्या, आणि सगळा वर्ग बरोबर निघायचा. बाईंना ते कळत होतं. शिक्षकांच्या खोलीत त्या एकदा म्हणाल्या, "दिवसभर मी दुसऱ्यांच्या सांगण्यावर जगते. बसचा नंबर दुसऱ्याने सांगायचा, भाजी ताजी आहे हे भाजीवालीनेच सांगायचं. सकाळचा एक तास तरी माझं मला कळू दे."

पण तोही तास बिघडत चालला होता. चेंडूकडे बघितलं की चेंडू नाहीसा व्हायचा. वीतभर बाजूला बघून मारायचं म्हणजे दहातले सात टाचेला नाहीतर चवड्याला. डॉक्टरीणबाईंच्या काठ्या जुन्या, पातळ पात्याच्या. मधोमध लागलं तर स्वर्ग, जरा हललं तर कोपरापर्यंत झणका. त्यात आदल्या पावसाळ्यात पाऊस हुलकावणी देऊन गेला होता आणि जमीन फरशीसारखी झाली होती. बाईंची मनगटं सुजू लागली.

त्याच सुमारास अमेरिकेहून शिकून आलेल्या एका मेजरसाहेबांनी त्यांना आपली नवी काठी मारून बघायला दिली. तिची पाठ कोरून पोकळ केलेली होती आणि सगळं वजन कडांना सारलेलं. बाईंनी मारला. मी पाहिलं, चेंडू चवड्याला लागला तरी बऱ्यापैकी सरळ गेला.

"वा!" मेजर म्हणाले.

"कुठे लागला?" बाईंनी मला विचारलं. हा प्रश्न त्यांनी पूर्वी कधीच विचारला नव्हता.

मेजर हसून म्हणाले, "टीचरजी, ही काठी चुका माफ करते."

"माफी देवाकडे आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "काठीने खरं सांगावं."

पण घरी येताना त्या चर्चच्या फाटकाशी थांबून म्हणाल्या, "थोडी माफी मलाही लागणार आहे गं. नाहीतर हे हात पाडव्यापर्यंतही टिकायचे नाहीत. किती घ्यायची, एवढंच ठरवायचंय."

परदेशी काठ्या मागवणं तेव्हा आपल्यासारख्यांना शक्य नव्हतं. भिंगारमध्ये लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक रहिमान मिस्त्री होते. कुलपं, कात्र्या, बंबाच्या तोट्या, सगळं करायचे आणि सगळ्याबद्दल बोलायचे. गोल्फ त्यांना ठाऊक नव्हता, पण ते कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जुन्या काठ्यांचे दांडे काढून त्यांना नवी डोकी बसवायची, पाच, सात आणि नऊ नंबरची (नंबर वाढला की चेंडू उंच उडतो, जवळ पडतो), एवढं ठरलं. आधी सात नंबर करून बघायचं.

पहिलं डोकं त्यांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पोलादाचं घडवलं. "बाईसाब, जलमभर तुटायचं न्हाई!" बाईंनी दुकानामागच्या पडीक जागेत मारून पाहिलं आणि काठी खाली ठेवून हात झटकले. "मिस्त्री, ही माझ्यावर ओरडते."

"मजबूत चीज हाय, आवाज तर करनारच की."

"माझं लग्न लावून देताय का तिच्याशी? मऊ लोखंड घ्या."

दुसरं डोकं मऊ लोखंडाचं झालं, मेजरांच्या काठीसारखी पाठ कोरलेली. चेंडू सरळ गेला. दुसरा सरळ, तिसराही जवळजवळ सरळ. या वेळी गेनू नाचायचाच बाकी होता. "बाई, आईशप्पथ, ह्या बारीला खरं सांगतोय! लई सरळ!"

बाई त्याच्या आवाजाकडे वळल्या. "खरं सांगतोयस?"

"व्हय की!"

"सुमती?"

"खरंच सरळ गेला, बाई."

त्यांनी मान हलवली, पण चेहरा पडला होता. "असेल. तुम्ही म्हणता तर असेल." मग मिस्त्रींकडे काठी देत म्हणाल्या, "ही माझ्याशी बोलतच नाही."

मिस्त्री चिडले. "ओरडली तं नको, गप बसली तं नको! बाईसाब, लोखंड हाय, सून न्हाई."

त्यावर बाई इतक्या हसल्या की मिस्त्रींनाही हसू आलं. मग त्या लोखंडाच्या तुकड्यांमध्ये फतकल मारून बसल्या आणि डोक्याच्या पाठीवर बोट फिरवत सांगू लागल्या. कडांचं वजन राहू द्या, पण मधोमध एक पट्टी सोडा, अंगठ्याएवढी. तेवढी कोरू नका. पट्टी रुंद झाली की माफी कमी, अरुंद झाली की बोलणं कमी. मिस्त्री कानशीने थोडं खरवडायचे, बाई मारून बघायच्या, परत द्यायच्या. दोनदा जास्त घासलं जाऊन डोकं वाया गेलं. एकदा मिस्त्रींनी "आता झालं, न्या" म्हणून काठी कागदात गुंडाळून ठेवली, ती बाईंनी तिथेच उघडून, मारून बघून परत केली.

शेवटी एका सकाळी त्यांनी मारला आणि तशाच उभ्या राहिल्या. गेनूने तोंड उघडलं तर हाताने त्याला थांबवलं. "चवड्याकडे, थोडासा. डावीकडे गेला असेल, पण फार नाही. हो ना?" तसंच झालं होतं. मनगट दुखलं का, मी विचारलं. "नाही. बोलते, पण हळू बोलते." मिस्त्रींनी कान पकडून आकाशाकडे पाहिलं. मग त्याच बेताने पाच आणि नऊ नंबरही झाले.

हे सुख उन्हाळ्यापर्यंत टिकलं. मग बहात्तरचा पाऊस आलाच नाही. गेनूची बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मैदानावर कुसळसुद्धा उरलं नाही. आणि बाईंच्या डोळ्यांतला तो पुसलेला भाग वाढत गेला. आता वीतभर बाजूला बघूनही चेंडू सापडत नव्हता. मी चेंडूशेजारी पांढरा रुमाल ठेवायची, काही दिवस त्याने भागलं. मग रुमालही जाऊ लागला. काठी चेंडूच्या मागे मुरमात आपटायची, कधी नुसतीच हवेतून जायची. हवेतून गेली की बाई म्हणायच्या, "आता ही तरी बिचारी काय सांगणार!"

मिस्त्रींनी स्वतः होऊन सुचवलं. "बाईसाब, मधली पट्टी काढून टाकतो. वरनं डोकं रुंद करतो, हे एवढं. कसं बी मारा, जाईल. आनखी दोन सालं खेळाल."

"दोन वर्षं खेळेन खरी," बाई म्हणाल्या. "पण मग थांबायचं कधी, ते मला कोण सांगणार? गेनू?"

शेवटची सकाळ अजून आठवते. दिवस कोरडे, आभाळ पांढरं. त्यांनी मारला, टाचेला. पुन्हा मारला, पुन्हा टाचेला, अगदी दांड्याजवळ. तिसरा मारला तेव्हा झालेला आवाज मलाही कळला. चेंडू चार हातांवर जाऊन धुळीत थांबला. गेनू माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज मोठा काढला.

"लई झ्याक, बाई! सरळ म्हालाकडं!"

बाईंनी काठी त्याच्या हातात दिली. "गेनू, खोटं बोललास. आणि मला कळलं." मग माझा दंड धरला. "चल सुमती. पुरे."

त्या पुन्हा मैदानावर गेल्या नाहीत. वर्ष संपताना शाळेनेही त्यांना निरोप दिला. समारंभात सगळ्यांनी सांगितलं की बाईंचं शिकवणं अजून पूर्वीसारखंच आहे. बाईंनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या नेवाशाला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. मी एकदा भेटायला गेले होते. ओसरीवर बसून शेंगा सोलत होत्या. बहीण म्हणाली, "आता छान रमली आहे हो." पाटोळेबाईंनी आणखी एक शेंग फोडली. बहीण आत गेल्यावर म्हणाल्या, "इथे सगळे मला बरं वाटेल तेच सांगतात." मी काहीतरी दिलाशाचं बोलायला लागले, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.  काही वर्षांनी त्या तिथेच वारल्या. मला पत्राने उशिरा कळलं.

नगर सोडताना त्यांनी काठ्या वाटल्या होत्या. पाच नंबरची गेनूला दिली. त्या काठीने तो चिंचा पाडायचा, असं ऐकलं. नऊ नंबरची मिस्त्रींनी दुकानात टांगली होती. ते दुकान आता नाही, आणि गेनू जाऊनही खूप वर्षं झाली.

सात नंबरची माझ्याकडे आहे. मुठीचं कातडं गेलंय, पण मी तेल लावत असल्यामुळे लोखंड गंजलेलं नाही. मऊ लोखंड असल्याने तोंडावर चेंडू जिथे जिथे लागला तिथे मुरमाचे ओरखडे उमटलेत. मधोमध थोडे आहेत. बहुतेक टाचेकडे आहेत.