मोटेच्या कातड्यावर धरलेला नेम

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न घडलेलंसुद्धा सांगत आलो! अमडापूरच्या बाजारात माझ्या थापा ऐकायला माणसं सौदा टाकून उभी राहतात. वाघाला शिव्या देऊन पळवला, लोणारच्या सरोवरात बुडी मारून थेट खामगावच्या विहिरीत वर आलो — सगळं सांगून झालं. हे मात्र... कुठून धरू?

गुलाबरावापासून धरतो. नाव काढलं की अजून दाढा आवळतात. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, त्याच्या जोडीनं माझी जोडी मागं टाकली. हरलो, ठीक. पण त्यानं भरल्या पटात माझ्या बैलांच्या गळ्यात गोवऱ्यांची माळ घातली! "नाना, यायले शेण थापाले ठेव बे. पटात कायले आणतं?" चार हजार माणूस हसलं. मला तर वाटलं, माझे बैलही हसले.

वर्षभर मी तो हशा चघळला. मग जत्रेतल्या फुगेवाल्याकडून एक छर्ऱ्याचं पिस्तूल मिळवलं — वीतभर, दट्ट्याचं. गावात सांगताना मी त्याची तोफ केली असती, पण हे गावाला सांगायचं नव्हतंच. आठ दिवस मळ्यात लपून नेम धरला. छर्रा हातभर डावीकडे जायचा, म्हणून उजवीकडे धरायला शिकलो. आता जोर किती? बाभळीला जुनी मोट टांगली. तीही कातड्याचीच ना? वीस पावलांवरून छर्रा तिच्यावर आपटायचा आणि टपकन खाली पडायचा. भोक नाही, ओरखडा नाही. झालं! बैलाला गांधीलमाशी चावल्यासारखं होईल, तो बिचकेल, जोडी वाट सोडेल, गुलाबराव तोंडघशी पडेल. कातडं मी नीट तपासलं हो. बैलाला कातड्याशिवाय आणखी काही असतं — हे शेतकऱ्याला कळू नये?

त्या वर्षी मी जोडी उतरवलीच नाही. पटाच्या शेवटाला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, गंजी रचली होती, तिच्याआड बसलो. गुलाबरावाची जोडी हाकत होता सत्तार. त्याच्या हाताखाली बैल जमिनीला पाय लावत नसत, आणि ही थाप नव्हे. जोडी वाऱ्यासारखी आली. मी बैलाच्या खांद्यावर नेम धरला. खटका दाबला. तांबड्या बैलानं नेमकी मान फिरवली —

डोळा गेला.

सगळ्यांनी सत्तारची पराणी पाहिली. तिच्या टोकाला लोखंडी आर. दुसरं काय लागणार? दुसऱ्या दिवशी चावडीवर माणसं जमली. सत्तार रडवेला होऊन सांगत होता, "माही पराणी डोयाले लागलीच नाही. नाना तठीच दिसले मले, पऱ्हाटीपाशी. त्यायले पुसा. दुश्मन असले तरी ते खोटं नाही बोलनार."

माझ्याबद्दल असं कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

घाबरलो होतो का? होतो. पण खरं सांगू? भीतीआधी दुसरंच सुचलं — सत्तार गेला, तर गुलाबरावाची जोडी पुन्हा कधी जिंकायची नाही. बैल तर पटातून गेलाच होता. हाकणाराही जाऊ दे. मी म्हणालो, "लागली. म्या पाह्यली."

सत्तारनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "नाना म्हनतेत तं लागली असंन," तो म्हणाला. "माह्याच ध्यानात नाही आलं."

गुलाबरावानं त्याला काढलं. तो खामगावला तेलाच्या गिरणीत हमाल झाला. गावाकडे आला की त्या काण्या बैलासाठी पदरची सरकीची ढेप आणायचा, स्वतःच्या हातानं चारायचा, बैलाच्या कपाळावर तळवा ठेवून काहीतरी पुटपुटायचा. मी ओसरीवरून बघायचो. गुलाबराव पुढे एकही पट जिंकला नाही, याचा आनंद मला दरवर्षी झाला. तोही लपवत नाही.

सत्तार वारला. बैलाचा डोळा आपणच फोडला, असं समजून वारला.