सहावा विडा

अडतिसाव्या वर्षी मला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा घरात पेढे आले नाहीत. मीच तीन दिवस कोणाला काही सांगितलं नाही. मोठी मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा. यजमानांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि आयुष्यभर माग चालवलेला माणूस आता भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ शिकत होता. कांजूरमार्गच्या चाळीतल्या एका खोलीत आम्ही चौघं आणि सासूबाई. त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या, आणि आता दिसायला लागल्यावर मुंबईत पाहण्यासारखं काही नाही असं ठरवून त्यांनी गावी जायला ट्रंक भरून ठेवली होती. पाच पानं मांडली की वाढणारीला उभं राहायला जागा नसे.

मी मुलुंडच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत असे. वाचनानं माणूस शहाणा होतो की नाही ते मला सांगता येणार नाही, पण संशयी नक्की होतो. देवावर माझा विश्वास होता, देवाच्या व्यवस्थापकांवर नव्हता. चाळीतल्या पूजेला प्रसाद वाटीभर आणि लाऊडस्पीकर चार, हे गणित मला कधी सुटलं नाही. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्याला चमत्कार म्हणावं असा माझा आग्रह नाही. जे घडलं ते घडलं तसं सांगते.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. मला तपासून, हात पुसत म्हणाल्या, "घाबरू नका हो. आत्ता काहीच नाहीये तिथे. नुसता गोळा आहे. सोमवारी सकाळी या, दुपारी घरी." मी मान हलवली. पायऱ्या उतरताना आठवलं, तेरा वर्षांपूर्वी याच बाई, याच टेबलाशी, एवढेच दिवस झाले असताना मला म्हणाल्या होत्या, "बाळासाठी दूध घ्यायचं, आवडत नसलं तरी." तेव्हा बाळ होतं, आता गोळा. पोटात जे होतं त्यात काही फरक नव्हता. फरक आमच्या मनातल्या जागेत होता. एखादा जीव आहे की नाही हे तो दुसऱ्याला हवा की नको यावरून ठरत असेल, तर म्हातारपणी आपल्यातले बरेचजण गोळ्यात जमा व्हायचे.

कुंदा माझ्याबरोबर वाचनालयात होती. अविवाहित, तडफदार, स्त्रियांच्या मोर्चात पुढे असणारी. तिच्यापाशी मी रडले. "रडतेस काय?" ती म्हणाली. "शरीर तुझं आहे ना? मग निर्णय तुझा. कायद्यानं हक्क दिलाय, वापर की. बायकांनी जन्मभर दुसऱ्यांसाठीच राबायचं का गं?" तिच्या बोलण्यातली माया मला कळत होती आणि निम्मं म्हणणं पटतही होतं. बायकांनी जन्मभर राबायचं हे मलाही मान्य नव्हतं. पण एक गोष्ट खुपत राहिली. निर्णय तुझा, असं ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं, त्या सगळ्यांनी उत्तरही सोबतच आणलं होतं. 'ठेव, मी आहे' असं म्हणणारा एकही नव्हता. मोकळीक म्हणतात ती हीच का, की सगळी दारं बंद करून एकच उघडं ठेवायचं आणि म्हणायचं, जा बाई, तुझ्या मर्जीनं? शिवाय शरीर माझं हे खरं, पण त्यात आता दोन हृदयं होती, आणि दुसरं माझं आहे असं मला प्रामाणिकपणे म्हणवेना.

यजमान बोलणारे नव्हेत. ते फक्त म्हणाले, "आहेत त्या दोघांना तरी नीट वाढवू. आणि या वयात मूल अधू झालं तर कोण बघणार?" मी स्वतः आईचं पाचवं अपत्य. माझ्या येण्यानं भावंडांच्या वाट्याचं दूध कमी झालं असणारच. पण त्यातल्या एकानंही, भांडणातसुद्धा, तू नसतीस तर बरं झालं असतं असं म्हटल्याचं आठवत नाही. आणि अधू म्हणाल तर खुद्द सासूबाई दोन वर्षं दिसत नसताना चाचपडत होत्या. त्यांना आम्ही मुंबईला आणलं होतं, मोडीत काढलं नव्हतं. हे सगळं मनात आलं, तोंडातून निघालं नाही. दमलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो, आणि आम्ही दोघंही दमलेले होतो. मी सोमवारला कबूल झाले.

सासूबाई मात्र अडून बसल्या. "देवीक इचारल्याशिवाय ह्या माझ्या घरात व्हवचा नाय," म्हणाल्या. भांडुपच्या टेकडीवर आमच्या गावच्या गिरणीकामगारांनी गावदेवीची एक जागा केली होती. पत्र्याचं छप्पर, आत काळा पाषाण. तिथे कौल लावत. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मला हसू आलं. घरातली माणसं, डॉक्टर आणि कायदा यांनी दिलेल्या निकालावर आता फुलाची सही घ्यायची होती. पण सासूबाईंशी वाद म्हणजे वरवंट्याशी वाद. रविवारी जायचं ठरलं.

आमच्या घराण्याची रीत अशी, की गाऱ्हाणं घालायला, म्हणजे देवीला घरचं सगळं सांगून राखण मागायला, जाताना माणशी एक विडा न्यायचा. दोन पानं, वर सुपारी. देवीपुढे घर उभं राहतं ते या विड्यांच्या रूपानं. गावी राहिलेल्याचा, आजारी असलेल्याचा, सगळ्यांचे विडे मांडतात. मेलेल्याचा मांडत नाहीत. लग्न होऊन आले त्या वर्षी माझा विडा पहिल्यांदा मांडला गेला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आता तू आमची." त्या रविवारी सकाळी पानं मीच पुसली, सुपाऱ्या मीच ठेवल्या आणि ताटावर फडकं घातलं.

तिथले गुरव गिरणीतून निवृत्त झालेले. अंगात बनियन, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ना भगवी शाल, ना डोळे मिटून डोलणं. त्यामुळे माझं त्यांच्याविषयी बरं मत झालं. सासूबाईंनी हलक्या आवाजात प्रश्न सांगितला. गुरवांनी मान डोलावली, ताटावरचं फडकं काढलं आणि विडे एकेक करून पाषाणापुढे मांडले. मग थांबले.

"घरात माणसा किती?"

"पाच," यजमान म्हणाले.

"मगे ह्यो एक कोणाचो?"

सहा विडे होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे. पानवाल्याकडे मी बारा पानं मागितली होती, हे तेव्हा आठवलं. बारा म्हणताना मला काही वेगळं वाटलं नव्हतं. घरात किती माणसं आहेत हे कोणी झोपेतून उठवून विचारावं आणि आपण उत्तर द्यावं, तसं ते सहज आलं होतं.

"चुकून झालं," मी म्हणाले. "एक उचला."

गुरवांनी हात पुढे केला नाही. "बाये, मांडलेलो इडो उचलूचो म्हणजे माणूस गेला म्हणूचा. ता मी करूचंय नाय." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आणि ज्येचो इडो तुया आपल्या हातान आणलंस, तेका ठेवूचो की नाय, ह्या देवीक मी कसा इचारू? घरातल्या माणसाचो कौल लावणत नाय."

पाकळ्या पाण्यातच राहिल्या. त्यांनी गाऱ्हाणं घातलं ते सहा माणसांचं. पाच नावं घेतली आणि सहाव्यापाशी म्हणाले, "आणि ह्या येवचा आसा त्येका सांभाळ, म्हाराजा." यजमानांनी नेहमीप्रमाणे "होय म्हाराजा" म्हटलं. म्हणताना त्यांचा आवाज फाटला. लग्नानंतर पंधरा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच.

आम्ही टेकडी उतरू लागलो. अर्ध्या वाटेवर सासूबाई एका पायरीवर बसल्या आणि जणू त्यांच्यावरच अन्याय झाला आहे अशा सुरात म्हणाल्या, "माझी ट्रंक खोल. मी खंय जातंय आता?" यजमान म्हणाले, "आये, तुझी भातशेती?" "भात माका आजी म्हणना नाय," त्या म्हणाल्या. माझ्या सगळ्या चिंतांना मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर. त्यात तत्त्वज्ञान नव्हतं, दोन हात होते.

सोमवारी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले नाही, वाचनालयात गेले. कुंदा भडकली. "वेडी झालीस का गं? एका पाकळीवर आयुष्य टाकतेस?"

"पाकळी लावलीच नाही."

"मग?"

"मोजणी केली फक्त."

तिला ते पटलं नाही, आजही पटत नाही. आमचे वाद अजून होतात आणि ती माझ्यापेक्षा चांगली बोलते. पण सातव्या महिन्यात माझे पाय सुजले, तेव्हा संध्याकाळची पाळी तिनं न विचारता स्वतःकडे घेतली आणि वर दम दिला, "हे तुझ्या देवीसाठी नाही हां." मी मनात म्हटलं, देवीला असल्या अटींचा राग येत नसावा.

दिवस सोपे गेले असं सांगणं खोटं होईल. बाळ आठव्या महिन्यातच आलं, म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात, हाताच्या ओंजळीएवढी मुलगी. दहा दिवस ती काचेपलीकडे होती. त्या दहा दिवसांत मी देवीकडे काही मागितलं नाही. मागण्यासारखं सगळं आधीच सांगून झालं होतं. तिच्या छातीचा भाता वरखाली होताना बघत बसले, एवढंच. अकराव्या दिवशी नर्सनं तिला माझ्या कुशीत ठेवलं. यजमान दारातूनच बघत राहिले. हात धुऊन आलो आहे हे दाखवायला त्यांनी दोन्ही ओले तळवे समोर धरले होते.

ज्या बायकांनी दुसरी वाट धरली त्यांच्याकडे बोट दाखवायला मी हे लिहिलेलं नाही. त्यांच्यातल्या कितीजणींना 'मी आहे' म्हणणारं कोणी भेटलं असेल? मीही त्या दारापर्यंत गेले होते, आणि माझ्या पुण्याईनं परतले नाही. पण मला जे उमगलं ते लपवूनही ठेवणार नाही. येणारा जीव आपल्या परवानगीनं माणूस होत नाही. तो असतोच. आपल्या हातात असतं ते सरकून बसणं. आणि पोट एका बाईचं असलं तरी पाळण्याची दोरी तिच्या एकटीच्या हातात देऊन बाकीच्यांनी उपदेश करत उभं राहू नये. शरण जाणं म्हणजे काय हे मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. माझ्या बाबतीत ते, आपला हिशेब चुकला हे मान्य करून चूक तशीच राहू देणं, एवढंच होतं.

धाकटी आता चार वर्षांची आहे. एका कानानं तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती सगळ्यांशी ओरडून बोलते आणि चाळीत तिची बरीच वट आहे. परवा थोरली दोघं जुन्या आठवणी काढत होती, हिच्या जन्माआधीच्या. ही ऐकत राहिली आणि मग माझ्या मांडीवर चढून, चांगला कान माझ्या तोंडाशी आणून तिनं विचारलं, "मी नव्हते तेव्हा तुम्ही माझी वाट बघत होता ना?"

खोलीत सगळे होते. यजमानांनी वर्तमानपत्र खाली केलं. सासूबाईंचे तांदूळ निवडणारे हात थांबले.

"देवी बघत होती," मी म्हणाले. "आम्ही जरा उशिरा आलो."

"पण आलात ना?"

"आलो," यजमान म्हणाले.