दुसऱ्या बाजूचे चाळीस सेकंद

वेगवेगळ्या गायकांची वीस गाणी एकाच तबकडीवर बसवायची आणि टीव्हीवर जाहिरात करून विकायची, हा स्टॉकपोर्टच्या गॉरिंजसाहेबांचा धंदा. आणि ती गाणी बसवायची थेल्मा बायरमनं. बारा वर्षं तिच्या हातात ध्वनिफीत कापायचं दाढीचं पातं होतं, बोटांना चिकटपट्टीचा वास होता. कुठं एक कडवं कापायचं, कुठं दोनदा आलेलं धृपद एकदाच ठेवायचं. पण आख्खं गाणं तिनं कधी वगळलं नव्हतं. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

त्या गुरुवारी तबकडीची दुसरी बाजू चोवीस मिनिटांच्या मर्यादेपेक्षा चाळीस सेकंदांनी लांबली. दोन गाण्यांमधली शांतता तर तिनं आधीच चिमटीएवढी केली होती. चार वाजता वरच्या मजल्यावरची दोघाजणांची टीव्ही कंपनी जाहिरात काढणार होती. त्यांना गाण्यांची यादी हवी होती.

"इद्रिस प्रॉबर्टला काढा," गॉरिंजसाहेब म्हणाले. "त्याला आता कोण ओळखतं?"

इद्रिस तिथंच बसला होता. पंधरा वर्षांपूर्वी त्याचं एक गाणं गाजलं होतं. आता त्याची रेक्सममध्ये बेकरी होती. संमतीच्या कागदावर सही करायला आला तो मनुक्यांचा पाव घेऊनच.

"नका हो काढू, बाई," तो थेल्माला म्हणाला. "बायकोनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय."

"मग दुसरं कडवं कापते."

"दुसऱ्यात ती आहे. मला घरी जायचंय."

"पहिलं?"

"पहिल्यात सासूबाई."

"आणि तिसरं?"

"तिसरं सुचलंच नाही."

थेल्मा हसली आणि तिनं पातं खाली ठेवलं. प्रत्येक गाणं संपताना आवाज हळूहळू विरत जातो. गायक तीच ओळ म्हणत राहतो, आणि ऐकणारा तोवर चहाचं आधण ठेवायला उठलेला असतो. दहा गाणी, प्रत्येकाच्या शेपटाचे चार सेकंद. तिनं दहाही गाणी पुन्हा एकदा नव्या फितीवर उतरवली. आवाजाच्या कळीवर हात ठेवून प्रत्येकाला जरा आधीच निजवलं. बाळाच्या अंगावरून हात काढावा तसा तिचा हात त्या कळीवरून उठे.

साडेतीनला गॉरिंजसाहेब घड्याळ घेऊन उभे राहिले. चोवीस मिनिटांत बाजू संपली.

"कोणाचं कडवं गेलं?"

"कोणाचंच नाही."

"मला फसवू नका, थेल्मा."

"सगळ्यांचा निरोप थोडा लवकर घेतला, एवढंच."

साहेबांनी दोन-तीन शेवट पुन्हा लावायला सांगितले. डोळे मिटून ऐकले. चोरी काही सापडेना. इद्रिसच्या गाण्यावर मात्र त्यांचा बूट ठेका धरू लागला, तो त्यांच्याही लक्षात आला नाही.

"यादी झाली का?" जिन्यावरून कोणीतरी ओरडलं.

"वीस," साहेब म्हणाले. "वीसच्या वीस."

थेल्मानं इद्रिसचं नाव ठसठशीत अक्षरात लिहिलं. यादी पोचवायला हाताखालची माणसं होती, पण ती स्वतःच जिना चढली.