डोळ्यांवर आलेले केस

कात्रीकाकांच्या दुकानात सकाळी सरकार पडायचं आणि दुपारच्या सुट्टीआधी दुसरं उभं राहायचं. खुर्चीतल्या माणसाला दुसरा उद्योगच नसतो. हात कापडाखाली, मान दुसऱ्याच्या ताब्यात, मोकळं राहतं ते फक्त तोंड. त्यामुळे जगात कुठंही काही पेटलं की त्याचा धूर आधी या दुकानात. काका नुसतं "हं, हं" करत कात्री चालवायचे. हातात वस्तरा असताना गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

पण या वेळी पेटलं होतं ते मुलाच्या शहरात, आणि काकांचं "हं, हं" बंद पडलं होतं.

मुलगा परदेशी जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचं लग्न तिकडंच झालं, मुलगी तिकडंच झाली. ती छोटी आता चुरूचुरू बोलायला लागली तरी आजोबांनी तिला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. फोनवर भेटायची, पण ती दुधाची तहान ताकावर. फोन ठेवला की काका उगाचच रिकामी खुर्ची पुसत बसायचे.

आणि एक गोष्ट होती. छोटीच्या केसांना जन्मल्यापासून कात्री लागली नव्हती. "बाबा, तिच्या डोक्याला पहिला हात तुमचाच," असा शब्द मुलानं दिला होता. काकांनी तो येईल त्या गिऱ्हाइकाला इतक्यांदा ऐकवला होता, की शेजारचा औषधवाला म्हणायचा, "काका, तुम्ही पोचेपर्यंत वेणी जमिनीला टेकेल हो!" पहिल्यांदा निघायचं ठरलं तेव्हा व्हिसा अडला, दुसऱ्यांदा काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तोवर केस आले डोळ्यांवर. छोटी फोनकडे बघायची ती मान तिरकी करून, पडद्याआडून बघावं तशी. तान्हेपण सरल्यापासून तिचे दोन्ही डोळे एकत्र काकांनी कधी नीट पाहिलेच नव्हते.

आता शुक्रवारचं तिकीट हातात होतं. काकूंचा गुडघा एवढ्या प्रवासाला तयार नव्हता, म्हणून काका एकटेच जाणार होते. बोथट टोकाची लहानशी कात्री त्यांनी धार लावून, मऊ फडक्यात गुंडाळून बॅगेत ठेवली होती.

"विमानात कात्री चालत नाही म्हणे," काकू म्हणाल्या.

"मोठ्या बॅगेत ठेवलीय. मी काय खुळा आहे?"

"ते मी कशाला सांगू? मला एवढंच करा, तिची एक बट घेऊन या," काकू म्हणाल्या, आणि गुडघा चोळायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तिकडं बिनसलं. निवडणुकीच्या निकालावरून लोक रस्त्यावर आले, मग पोलीस आले, मग लष्कर. दुकानातल्या टीव्हीवर तेच ते जळणारे टायर पुन्हा पुन्हा दाखवत होते. ज्यानं तिकीट काढून दिलं तो तिकीटवाला गुरुवारी सकाळी दाढीला आला आणि फेसातूनच बोलला, "काका, विमान जाणार आहे. उतरल्यावर तुम्ही घरी कसे पोचाल, ते मात्र मला विचारू नका. काय ते आज दुपारपर्यंत सांगा."

"जा हो काका, टीव्हीवाले राईचा पर्वत करतात," बाकावरून औषधवाला म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! त्याची नात होती त्याच्याच घरात, रोज त्याच्या मिशा ओढायला.

काकांनी आरशाला फोन टेकवला आणि मुलाला लावला.

"बाबा, येऊ नका," मुलगा पहिल्या दमातच म्हणाला. "संचारबंदी आहे. सगळी दुकानं बंद आहेत. विमानतळाचा रस्ता कधी उघडतो, कधी बंद होतो, काही भरवसा नाही. पुढं बघू."

"पुढं म्हणजे कधी?"

"बघू ना बाबा," असं म्हणत त्यानं छोटीचं पडलेलं खेळणं उचलायला मान खाली घातली.

झालं! काकांचं लक्ष गेलं ते थेट त्याच्या मानेवर. माणसाचं तोंड थापा मारेल, मान नाही मारत. केस ताजे कापलेले, आठवड्याच्या आतले. कल्ले दोन्हीकडे बरोबर. आणि मानेवर वस्तऱ्याची रेघ नाही. केस खाली खाली बारीक करत नुसते विरवून टाकलेले. असं काम रेघ ओढणाऱ्याला जमत नाही. तिथं कुणीतरी पक्का कारागीर दुकान उघडून बसला होता, आणि चिरंजीव म्हणत होते, सगळं बंद!

काकांनी फोन ठेवला आणि तिकीटवाल्याची उरलेली दाढी पुरी केली. दुपारी घरी जाऊन काकूंना म्हणाले, "बॅग सोड."

"का? एवढं वाईट आहे तिकडं?"

"तिकडं काही नाही झालेलं. आपलं पोरगं तेवढं बदललंय." आणि मग त्यांनी सगळं ओकून टाकलं. कटिंग, कल्ले, मान. "केस कापायला बाहेर जाता येतं आणि बापाला आणायला जाता येत नाही! चार लोकांत न्हावी बाप दाखवायची लाज वाटते त्याला. पूर्वीपासूनच वाटते. मित्रांना सांगायचा, वडिलांचा स्वतःचा व्यवसाय आहे म्हणून. आठवतंय ना? केसानं गळा कापला माझा."

आठवत तर काकूंनाही होतं. हा मुलगा लहानपणी दुकानात शिकायला बसायचा. काकांची शिकवायची रीत अशी, की फुगा फुगवायचा, त्यावर साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्यानं तो उतरवायचा. फुगा फुटला नाही तरच माणसाच्या गालाला हात लावायचा. मुलाचे फुगे फटाफट फुटायचे. त्यावरून सगळी गल्ली त्याला फुग्या म्हणायला लागली. एक दिवस त्यानं वस्तरा ठेवला आणि म्हणाला, मी आपला अभ्यास करतो. काका तेव्हा हसले होते. पण तो वस्तरा त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी दिला नाही.

"तुम्ही त्याला विचारलंत?" काकू म्हणाल्या.

"काय विचारायचं? आपलेच दात, आपलेच ओठ."

"मग मी विचारते. माझे दात पडलेत अर्धे." काकूंनी फोन लावला आणि मुलगा दिसताच हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाल्या, "काय रे फुग्या, दुकानं बंद आहेत तर हे केस कुणी कापले तुझे?"

मुलगा आधी बावरला, मग हसायला लागला. "तुझ्या सुनेनं. मी शिकवलं तिला."

काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. ते वळले.

"बाहेर पडता येत नाही ना," मुलगा सांगत होता. "आधी समोरच्या म्हाताऱ्यांचे कापून दिले, मग वरच्या मजल्यावरचे आले. आता अख्खी इमारत येते आमच्या स्वयंपाकघरात. मला कोण कापणार, म्हणून हिला शिकवलं. रेघ ओढायची नाही, विरवायचं. रेघ आठवड्यात उघडी पडते, विरवलेलं महिनाभर कळत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "लोक विचारतात कुठं शिकलास. मी सांगतो, बाबांच्या दुकानात. ते न्हावी आहेत म्हणून."

काका पुढं आले. "मान दाखव," एवढंच म्हणाले.

मुलानं मान खाली घातली. काकांनी फोन अगदी नाकाजवळ नेला. जन्मभर जे स्वतःच्या हातानं केलं ते त्यांना ओळखू आलं नव्हतं. कसं येणार? त्यांचं काम नेहमी दुसऱ्यांच्या मानेवर बसून दारातून बाहेर पडायचं.

"फुगा फुटला का?" त्यांनी विचारलं.

"तिनं दोन फोडले. मी एकही नाही."

काका खुर्चीत बसले आणि आता कुठं मुलाचा चेहरा त्यांनी नीट पाहिला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. खिडकीचे पडदे दिवसाउजेडी ओढलेले होते, आणि लांब कुठंतरी भोंगा वाजत होता. बाहेर खरंच वाईट होतं. बाप विमानातून उतरून रस्त्यात अडकला असता, तर हे पोर त्याला शोधायला त्याच भोंग्यांतून बाहेर पडलं असतं. पडलं असतंच.

"नाही येत मी," काका म्हणाले. "तिकीटवाल्याला सांगतो."

मुलानं मान हलवली.

तेवढ्यात छोटी पडद्यावर घुसली, केसांतून एक डोळा काढून. "आजोबा, कात्री आणली?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी बॅगेतलं फडकं काढलं, उलगडलं, आणि ती लहान कात्री फोनसमोर धरली. "ही बघ. इथंच राहिलीय." मग मुलाला म्हणाले, "कंगवा ओला कर. पोरीला दिव्याखाली बसव."

"नाही बाबा. ते तुमचं काम आहे. मी शब्द दिलाय."

"शब्दाचं काय घेऊन बसलास? पोरीला समोरचं दिसत नाही. अशा दिवसांत लेकराला दिसायला नको? बसव म्हणतो ना!"

मुलानं तिला बसवलं. काका इकडून सांगत होते. मधले केस दोन बोटांत धर. ओढू नको, ओले केस सुकल्यावर वर चढतात. भुवईच्या खाली ठेव. कात्री उभी धर, आडवी नको. सांगता सांगता त्यांचा उजवा हात हवेत चालत होता, रिकामा. पहिली बट खाली पडली तेव्हा तो थांबला.

"ती उचल. तुझ्या आईसाठी ठेव," ते म्हणाले.

काम झालं. मुलानं फुंकर मारून तिचं नाक साफ केलं आणि तिचं तोंड फोनकडे वळवलं. दोन्ही डोळे, मोठे, काळे, सरळ काकांकडे बघत होते. काकांना वाटलं, एवढी वर्षं ही पोर होती कुठं! त्यांना रडू कोसळलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"आजोबा, तुम्ही रडता? वाईट कापले?"

"छान कापले गं. माझ्यापेक्षा छान."

"मग तुम्ही कधी येणार?"

काकांनी कात्री पुन्हा फडक्यात गुंडाळली. "हे केस परत डोळ्यांवर आले ना, की येतो."

छोटीनं कपाळाला हात लावून बघितला, केस कुठवर आलेत ते चाचपलं आणि म्हणाली, "मग मी लवकर वाढवते."