बिननावाची चिठ्ठी

आपल्याला लोकांना हसवता येतं, हे मच्छिंद्राला जालन्याला येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. टेंभुर्णीत तो भुजंगरावांचा धाकटा, खाली मान घालून बोलणारा, एवढीच त्याची ओळख. कॉलेजातलं पहिलं अख्खं वर्ष त्यानं मागच्या बाकावर घुम्यासारखं काढलं. दुसऱ्या वर्षी, शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर, वर्गात कुणीतरी त्याच्या टायरच्या चपलेला हसलं आणि यानं असं काही उत्तर दिलं की शिकवणारे सरसुद्धा खडू खाली ठेवून हसले. झालं! तिथून गडी सुटला तो सुटलाच. खोलीतला जोडीदार धर्मराज म्हणायचा, "मच्छ्या, तुझ्या जिभेला हाड न्हाई बघ." जानेवारीत पोरांनी त्याला उचलून स्नेहसंमेलनाचा सेक्रेटरी करून टाकलं.

आता स्नेहसंमेलन म्हटलं की शेलापागोटे आलेच. पोरं त्याला फिशपाँड म्हणत. ऑफिसच्या बाहेर पुठ्ठ्याचा एक खोका ठेवायचा, वर चीर पाडायची. ज्याला ज्याची टिंगल करायची त्यानं दोन ओळी खरडून चिठ्ठी आत टाकायची. खाली नाव लिहायचं नाही, हीच तर त्यातली गंमत. मग संमेलनाच्या दिवशी सेक्रेटरीनं त्या माईकवरून वाचायच्या. मच्छिंद्रानं त्या वर्षी आपल्या डोक्यातनं एक नवीन नियम काढला. वाचून झाली की चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात पोचवायची. पोरांना आयडिया लय आवडली. मच्छिंद्राची छाती दोन इंच फुगली.

त्याच्या वर्गात रोल नंबर त्रेसष्ट होती बेबीनंदा. भोकरदनच्या अलीकडे, रस्त्यापासून आत तिचं खेडं. रोज एसटीनं यायची, एसटीनं जायची. चारची गाडी गाठायची म्हणून शेवटचा तास अर्धा सोडून उठायची, पुस्तकं छातीशी धरून पाय न वाजवता बाहेर पडायची. दारातून ती बाहेर गेली की मच्छिंद्राचं तासातलं लक्षही तिच्यामागे जायचं. आता हे तो कबूल करणार नाही, पण दोनदा तिच्या मागोमाग तो स्टँडवर गेलाही होता. केळीवाल्याच्या गाड्याआड उभा राहून बघत होता. ती एकटीच होती. गाडी येईपर्यंत खांबाला टेकून वाचत होती. तिथे कुणी तिची वाट बघत नव्हतं, कुणी येत नव्हतं. हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

संमेलनाच्या आधी तीन-चार दिवस तिनं त्याच्याकडे इतिहासाची वही मागितली. पहिल्यांदाच बोलली. "तुमचं अक्षर चांगलंय म्हणतात," एवढंच. यानं वही देऊन टाकली आणि दिवसभर हवेत. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आदल्या दिवशी आपण काय खरडून ठेवलंय, हे या शहाण्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

खरडलं होतं ते हे: 'तासाला उशीर, गाडीला घाई, स्टँडवर वाट बघतंय कोण गं बाई?' तीनदा खोडून चौथ्यांदा जमलं होतं. वाकड्या अक्षरात ते चिठ्ठीवर उतरवलं, वर बेबीनंदाचं नाव घातलं आणि खोक्यात टाकून दिलं. का? तर तिनं हसून आपल्याकडे बघावं म्हणून. एवढंच! वीस वर्षांच्या पोराला एवढंच पुरतं.

संमेलनाला आईबाप सहसा येत नसत. पण बेबीनंदाला निबंधात पहिलं बक्षीस होतं, म्हणून तिनं वडिलांना, तिच्या दादांना, बोलावून घेतलं होतं. रामराव आले. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, बायकांच्या रांगेला लागून असलेल्या खुर्चीत अवघडून बसलेले. पोरीला स्टीलचा डबा मिळाला तेव्हा सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी या माणसाच्या चालूच होत्या. मच्छिंद्रानं स्टेजवरून बघितलं ते. चांगलं बघितलं.

मग शेलापागोटे सुरू झाले. हॉल नुसता हसत होता. एकेक चिठ्ठी काढायची, वाचायची, खाली धाडायची. आणि हातात आली ती त्याचीच चिठ्ठी. कागद बघताच त्यानं ओळखला. खिशात घालता आली असती. दुसरी उचलता आली असती, कुणाला कळणारही नव्हतं. पण हसू रंगात आलं होतं आणि हसवणारा तो होता. त्यानं वाचली. त्यातही 'कोण गं बाई'वर जरा थांबून, डोळा मारून वाचली.

हॉल फुटला हसून. चिठ्ठी हातोहात मागे गेली. बेबीनंदाच्या हातात पडायच्या आत रामरावांनी ती घेतली. वाचली. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग उठले, आणि पाठोपाठ पोरगीही उठली, डबा काखेत धरून. हसणं चालूच होतं. मच्छिंद्र पुढची चिठ्ठी वाचत होता, पण आपण काय वाचतोय ते त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. "रोल नंबर सिक्स्टी थ्री." कुणी बोललं नाही. "सिक्स्टी थ्री?" पुन्हा नाही. आठ दिवस हेच. रोज त्या नंबरच्या आधी मच्छिंद्र मान खाली घालायचा. नवव्या दिवशी सरांनी बासष्टनंतर सरळ चौसष्ट म्हटलं. आणि देवाशप्पथ सांगतो, नंबर ऐकू येत होता तेव्हा बरं होतं. आता तो ऐकू न येता ऐकू येऊ लागला. वर्गात, खानावळीत, नळावर कपडे धुताना मधेच बासष्ट, चौसष्ट व्हायचं आणि मधली जागा रिकामी. त्यातून माईकवरचा त्याचा स्वतःचाच आवाज उठायचा, जरा थांबून, डोळा मारल्यागत: 'कोण गं बाई?' कानात बोटं घातली तरी तो आत वाजायचा. धर्मराज म्हणाला, "काय झालं बे तुला? भूत बघितल्यासारखा करून राह्यला." मच्छिंद्र हसला, पण त्याचं हसूही आता हसू राहिलं नव्हतं.

परीक्षेचे फॉर्म सुटले. मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा रजनी मॅडमनी त्याला बोलावलं. मराठी शिकवायच्या, बेबीनंदाचा निबंध त्यांनीच निवडला होता. कोरा फॉर्म त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "तू सेक्रेटरी आहेस. उद्या रविवार आहे, तिच्या घरी जा. वडिलांना सांग, कुणाच्यातरी वात्रटपणापायी मुलीचं वर्ष घालवू नका. सही घेऊन ये. सोमवारी फॉर्म आला नाही, तर ही पोरगी पुन्हा कॉलेज बघायची नाही, हे लिहून ठेव."

रविवारी सकाळची गाडी धरून तो गेला. पाटीपाशी उतरून चालत गावात शिरला, तर वाटेतच पाय मागे ओढायला लागले. रामराव ओसरीतच होते. बाजेवर बसवलं, पाणी दिलं. आत फळीवर तो स्टीलचा डबा होता, कोरलेलं नाव बाहेर दिसेल असा ठेवलेला. स्वयंपाकघराच्या दारात पडदा होता. पडद्याखाली दोन पाय दिसत होते, हलत नव्हते.

द्वारकाबाई, बेबीनंदाची आई, चहा घेऊन आल्या. मच्छिंद्रानं फॉर्म पुढे केला, मॅडमचा निरोप सांगितला. रामरावांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"पोरा," ते म्हणाले, "भावकीत समदे नको म्हणत व्हते. म्या धाडली. इतक्या लांब, एकटी. म्हणलं माझी पोरगी हाय, मला माहीत हाय." खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी बाजेवर उलगडली. घडी घालून घालून ती फाटायला आली होती. "आता हे बघ. हे एका पोराचं काम असंल, तर म्या थुकून टाकीन. पोरं वात्रट असतात, म्या काय म्हातारा जल्मलो न्हाई. पण याच्याखाली नाव न्हाई. बिननावाचं म्हंजी समद्यांचं. समदं कॉलेजच म्हणून राह्यलं, असा अर्थ होतो. भावकीला म्या काय सांगू? तू सेक्रेटरी, तुला माहीत असंल. कुणी लिहिलं तेवढं सांग. बिलकुल भांडणार न्हाई. नाव सांग, आन् ही बघ, आत्ता सही करतो."

आणि त्यांनी खरंच पेनाचं टोपण काढलं. फॉर्म मांडीवर घेतला. सहीच्या जागेवर बोट ठेवून मच्छिंद्राच्या तोंडाकडे बघत बसले.

दोन शब्द होते. 'म्या लिहिलं.' टेंभुर्णीचं पोर, सरळ बोलायला काय जातं? पण त्याला दिसला बापाचा, भुजंगरावांचा चेहरा, दिसली कॉलेजातली पोरं, दिसलं सेक्रेटरीपद. आणि पुढचा प्रश्न दिसला: तुला कसं माहीत, तू स्टँडवर काय करत होतास? चहा तोंडात तसाच कोमट झाला.

"माहीत न्हाई, काका," तो म्हणाला. "नाव लिहायचं नसतंय त्यात."

रामरावांनी टोपण लावलं. चिठ्ठीची घडी केली. फॉर्म हलकेच परत दिला, चुरगळू नये म्हणून सरळ धरून. "मंग राहू दे," म्हणाले. पडद्याखालचे पाय आत गेले.

तो गावाबाहेर आला, तोच मागून हाक आली. द्वारकाबाई पदर सावरत धापा टाकत येत होत्या. हातात त्याची इतिहासाची वही. "राहिलीच की ही! बेबीनं चहाबराबर द्यायला सांगितल्ती, माझ्याच ध्यानातून गेली. ने बाबा."

गाडीत खिडकीपाशी बसून त्यानं वही उघडली. शेवटच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. तीन खोडलेल्या ओळी, खाली चौथी, पुरी झालेली, त्याच्या सुंदर अक्षरात. आणि त्याखाली निळ्या शाईत, बारीक अक्षरात तिनं लिहिलं होतं:

'हे मी पाहिलं आहे. दादांना दाखवलं, तर ते मलाच विचारतील की त्याची वही तुझ्याकडे कशी. म्हणून दाखवत नाही. ते तुम्हाला नाव विचारतील. तुम्ही सांगा, ते सही करतील. मी आत ऐकते आहे.'

मच्छिंद्रानं ते दोनदा वाचलं. पहिला विचार काय यावा? की ही बाई चहाबरोबर वही द्यायला विसरली नसती, तर आपण सांगितलं असतं. मग त्याची त्यालाच शिसारी आली. खरं बोलायला वही लागत होती का? चिठ्ठी कुणाची हे काय त्याला वहीनं सांगायचं होतं? आत ऐकते आहे. म्हणजे 'माहीत न्हाई, काका' हेही तिनं ऐकलं होतं.

राजूरला गाडी थांबली तसा तो उडी मारून उतरला. पेन काढलं आणि त्या चौथ्या ओळीखाली नाव लिहिलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, गावासकट. समोरून जालन्याहून भोकरदनला जाणारी गाडी आली. कंडक्टर दारात लटकून ओरडत होता, "भोकरदन, भोकरदन!" मच्छिंद्र वही हातात घेऊन दारापर्यंत गेला. एक पाय पायरीवर ठेवला. कंडक्टर म्हणाला, "येतो का रे? जल्दी कर." यानं पाय खाली घेतला. घंटी वाजली, गाडी गेली. पुढच्या गाडीनं जाऊ, असं तो स्वतःशी म्हणाला. पुढची गाडी आली, तीही गेली. मग तो जालन्याच्या गाडीत बसला.

सोमवारी मॅडमच्या टेबलावर कोरा फॉर्म ठेवला. "वडील ऐकत न्हाईत," म्हणाला. मॅडमनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. मेमध्ये कळलं, बेबीनंदाचं लग्न झालं, शहागडकडे कुठंतरी दिली. कॉलेजच्या वार्षिक अंकात सेक्रेटरीनं मनोगत लिहायचं असतं, तेही त्यानं लिहिलं. या वर्षानं मला घडवलं, सभाधीटपणा दिला, माणसं ओळखायला शिकवलं. शेलापागोटे खेळीमेळीत पार पडले. प्रत्येक वाक्य लिहिताना त्याला लाज वाटली आणि प्रत्येक वाक्य छापून आलं. शेजारच्या पानावर बेबीनंदाचा निबंध होता, पहिल्या बक्षिसाचा.

पुढे मच्छिंद्र मास्तर झाला. लोक म्हणतात, मच्छिंद्रसर कमी बोलतात. ते पोरांना हसवायचे, असं कुणी सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. दोन हजार चार साल उजाडलं, शाळेच्या संमेलनात पोरांनी फिशपाँडचा खोका मागितला. सर म्हणाले, ठेवा, पण चिठ्ठीखाली नाव पाहिजे. एक पोरगी म्हणाली, "नाव लिहिलं तर मजा काय राहिली, सर?" सरांनी नियम बदलला नाही. खोका त्या वर्षी रिकामाच निघाला.

वही अजून त्यांच्या कपाटात आहे. कामासाठी जालन्याला गेले की स्टँडवर भोकरदनची गाडी लागलेली दिसते. कधी वही पिशवीत असते, मुद्दाम घेतलेली. रामराव आता असतील-नसतील, तिला हुडकायचं तर आधी त्या गावातच विचारावं लागेल, एवढं ते मनाशी ठरवून येतात. कंडक्टर हाळी देतो, "भोकरदन, भोकरदन!" सर दारापाशी जातात, दांड्याला हात लावतात. मागचा माणूस म्हणतो, "चढून राह्यले का, काका? न्हाई तर बाजूला व्हा."

सर बाजूला होतात.