बदली आल्याशिवाय

दुर्गला उतरून भिलाईच्या वाटेला लागलो तेव्हा ऊन चढले होते. तांबड्या मुरमाचा रस्ता, दूरवर अर्धवट उभे लोखंडी सांगाडे आणि त्यांच्यावर फिरणारी क्रेन. मी धाकट्या भावाला, नामदेवला, घरी न्यायला आलो होतो. आईने अंथरूण धरले होते आणि सारखे त्याचेच नाव घेत होती.

पोलाद कारखान्याजवळच्या मरोद्याला तो दोन सोबत्यांबरोबर एका खोलीत राहत होता. तो पहाटेच पंपघरात पाळीवर गेलेला. सोबत्यांनी मला चिला (तांदळाच्या पिठाचे धिरडे) आणि टमाट्याची चटणी वाढली. तव्यापाशी बसलेला गणपत ओरडला, "अबे, बदली दे ना मले! हात भाजून राहिला."

आमच्या गावी बदली होते ती मास्तरांची. इथे कामावर तुमची जागा घ्यायला येतो तो माणूस म्हणजे बदली. तो आल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा कारखान्याचा नियम. पोरांनी हा शब्द पाण्याच्या रांगेत, पत्त्यांच्या डावातही आणला होता. मी हौसेने एक चिला उलटला. तो मोडला.

"बी.ए.ले बदली द्या रे कोणी!" माझ्या शिक्षणावर बोट ठेवत गणपत म्हणाला.

पाळी दोनला सुटणार, गाडी चारची. मी फाटकाबाहेर उभा राहिलो. माणसे बाहेर पडली, नामदेव आला नाही. शेवटी एक वयस्क कामगार माझ्याजवळ आला.

"नामदेवचे भाऊ ना तुम्ही? त्याचा बदली आला नाही. तुम्ही निघा, तो उद्या येते."

"आई तिकडे शेवटच्या घटका मोजते आहे!"

"ठाऊक हाय त्याले. रडून राहिला होता. पण पंप थांबला तं भट्टी थंड ठेवणारं पाणी थांबते, बाबू. तिथं माणसं हायेत."

मी रागाने एकटाच परतलो. आईने "नामा?" असे विचारले, तेव्हा मी तिच्या उशाशी बसलो.

दुसऱ्या दिवशी नामदेव आला. सदऱ्यावर ग्रीसचे डाग तसेच होते. आईने त्याला ओळखले, त्याचा हात धरला.

"ऊठ भाऊ," तो मला म्हणाला, "मी बदली आलो."

मी उठून अंगणात आलो. मी नागपूरला कॉलेजात गेलो, त्या वर्षी नामदेवने आठवीतून शाळा सोडली आणि वीटभट्टीवर बाबांच्या हाताखाली माझ्या जागी उभा राहिला. चार वर्षे त्याचा बदली कोणी आला नाही. त्याने जागा सोडली नव्हती.