चाकणच्या बाजारातली हिशेबनीस

पिंपरीच्या कारखान्यातली टर्नरची कायम नोकरी मी सोडली, तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. चाकणजवळच्या आमच्या गावात पत्र्याची शेड ठोकून मी जुना लेथ बसवला. सत्तरीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. विहिरीवरच्या इंजिनाचा शाफ्ट, टेंपोचे बुश, गिरणीची पुली, येईल ते काम मी करायचो. वर्षभरात एवढं कळलं की असल्या सटरफटर कामांवर शेड तगणार नाही. आणि तेवढ्यात आकुर्डीच्या एका कारखान्यानं बारमाही काम देऊ केलं! घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर ठरेनात.

अट एकच होती. वर्षाचा ताळेबंद, सी.ए.च्या सहीचा, महिन्याच्या आत. नाही जमलं तर काम दुसऱ्याला, आणि मी परत कुणाच्या तरी शिफ्टला.

आता चाकणला इंजिन दुरुस्त करणारे होते, हाडं बसवणारे होते, पत्रिका पाहणारे तर गल्लोगल्ली होते. वह्या बघणारा मात्र औषधालाही नव्हता. पुण्यात चार ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. एका साहेबांनी विचारलं, "तिथं बसायला खुर्ची आहे का?" मी खरं ते सांगितलं, की एक आहे पण तिचा एक पाय मीच वेल्डिंग करून लावलाय. त्यांनी चहाही विचारला नाही.

शेवटी दापोडीला माझ्या जुन्या शिफ्टमधल्या दोस्ताकडे रडगाणं गायला गेलो. तो हसायलाच लागला. म्हणाला, "अरे राव, घरात बघ ना! माझी पोरगी बी.कॉम. झालीय, पुण्यात सी.ए.च्या ऑफिसात वह्याच तपासते." पोरगी आतून पदर खोचत आली. म्हणाली, "शनिवारी अर्धा दिवस असतो काका. येते मी. वही नीट असली तर आमचे साहेब सही करतील."

वही नीट असली तर! हे शब्द मी फारच मनावर घेतले.

माझा हिशेब म्हणजे तारेला टोचलेल्या चिठ्ठ्या. कार्बन घालून लिहायचो, वरची गिऱ्हाइकाला, खालची माझ्या तारेला. सगळ्या काळ्या, तेलकट, ग्रीसचे अंगठे उमटलेल्या. शिकल्यासवरल्या मुलीपुढे हे कसं ठेवायचं? मी नवी लाल वही आणली आणि तीन दिवस मान मोडून सगळं वर्ष सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. बायकोनं शेड झाडली, लेथला हळदकुंकू लावलं. आम्ही दोघं सणासारखे नटून बसलो होतो.

पोरीनं वही चाळली. पुन्हा पहिल्या पानावर आली.

"काका, पाडव्यापासून आजपर्यंत एकच शाई? एक खाडाखोड नाही?"

"अक्षर बरं आहे ना?"

"अक्षर सुंदर आहे. पण ही वही खोटी वाटते. मूळ चिठ्ठ्या दाखवा."

बायको कौतुकानं म्हणाली, "तेलकट होत्या गं सगळ्या. बंबात घातल्या. पाणी काय कढत झालं!"

पोरीनं डोळे मिटून घेतले. तीन दिवस खपून मी माझ्याच धंद्याला काडी लावली होती, आणि तीही हौसेनं. मला स्वतःचा इतका राग आला की तिथल्या तिथं ती वही फाडणार होतो. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"लोखंडाच्या दुकानदाराकडे तुमच्या खरेदीच्या बिलांच्या प्रती असतात, त्या मी आणीन. पण वरच्या चिठ्ठ्या? तुमची गिऱ्हाइकं कुठं भेटतील?"

"आज? आज बाजार आहे. सगळी चाकणातच!"

मी तिला सायकलवर डबलसीट घेऊन सुटलो. बाजारात दंतमंजनवाल्याचा भोंगा चालू होता. त्याच्या हातापाया पडून मी तो घेतला आणि ओरडलो, "माझ्या शेडवर ज्यांनी ज्यांनी काम करून घेतलंय, त्यांनी चिठ्ठ्या घेऊन यावं!" झालं! लोकांना वाटलं मी वसुलीला आलोय. कांद्याच्या ढिगामागं माणसं दडायला लागली. गिरणीवाला तर चहा अर्धा टाकून पळाला.

पोरीनं भोंगा माझ्या हातून घेतला. "कुणाकडं काही मागायचं नाही," ती म्हणाली. "चिठ्ठी फक्त बघायचीय. तिच्यावर यांचं काम अडलंय." बाईमाणसाचा आवाज भोंग्यावर ऐकून अख्खा बाजार वळला. एक म्हातारा पुढं झाला. त्यानं टोपी काढली आणि अस्तरातून घडी केलेली चिठ्ठी काढली. "लिवल्याला कागद आमी टाकत न्हाई, ताई. ही घे."

मग काय विचारता! कुणी पुढच्या शनिवारी पत्र्याच्या डब्यातून आणल्या, कुणी आढ्यातून काढून आणल्या. धान्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसून ती एकेक लावत गेली. मध्येच गिरणीवाल्यानं हळूच आपलीही वही पुढं सरकवली. मागोमाग टेंपोवाला. तिसऱ्या शनिवारी तिच्या साहेबांची सही झाली.

पुढच्या शनिवारी कामाचं पत्र माझ्या हातात होतं! आकुर्डीहून मी जो निघालो तो घरीसुद्धा गेलो नाही, थेट बाजारात आलो. तिला पहिल्यांदा दाखवायचं होतं. तर ओट्यापुढं ही गर्दी! वीटभट्टीवाला, सायकलवाला, शिंपी, आणि कधी हिशेब न ठेवलेली कितीतरी माणसं काखेत वह्या धरून उभी. ज्या गावात सही मिळेना तिथं रांग लागली होती.

"ताई, काम मिळालं!" मी लांबूनच पत्र हलवत ओरडलो. पोरीची ताई कधी झाली, माझं मलाच कळलं नाही.

ती हसली. डोळे भरलेले मला दिसले. मग तिनं समोरच्या वहीचं पान उलटलं.

"अभिनंदन काका. पण मधे घुसू नका, रांगेत या."

मी आनंदानं शेवटी जाऊन उभा राहिलो. माझा नंबर चौदावा होता.